कॅरॅव्हॅन घेऊन गावोगाव: मेलबर्न ते ब्रोकन हिल, सासू-सासऱ्यांसह

निलगिरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत तासगावहून सासू-सासरे येताहेत. मागच्या खेपेला ग्रेट ओशन रोड, पेंग्विन, ऑपेरा हाऊस सगळं रीतसर दाखवून झालं. परत जायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, "देश चांगलाय, पण हितं शेती कोण करतंय ते काय दिसलं न्हाई." त्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. त्यामुळे या वेळी समुद्राकडे पाठ करून आत शिरायचं ठरवलंय.

विचार असा आहे: आमच्या सात सीटच्या गाडीला टोबार (मागे ओढायचा दांडा) आहे, कॅरॅव्हॅन, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची. मेलबर्न, बॅलरॅट, अरारट, होर्शम, मग ती सायलोंवर (धान्याच्या उंच कोठारांवर) चित्रं काढलेली गावं, मिल्ड्युरा, आणि जमलं तर ब्रोकन हिल. आम्ही दोघं, आई-बाबा आणि दोन पोरं. नवऱ्याने आजवर बागेतला कचरा नेणाऱ्या ट्रेलरपलीकडे काही ओढलेलं नाही. आईंचे गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं, आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत.

घरच्या वयस्कर माणसांना घेऊन असं कुणी केलंय का? की हा नुसता हौसेचा कारभार ठरेल?

गोणपाट

वाचतोय. मलाही जायचंय, बायको तयार नाही. धागा तिला दाखवणार आहे, तेव्हा जरा बेताने लिहा.

आकडेमोड

कारभार हौसेचाच आहे, पण वजनं सांभाळलीत तर निभेल. व्हॅनच्या पाटीवर एटीएम म्हणून एक आकडा असतो (पैसे मिळत नाहीत): पाणी, गॅस, सामान भरून व्हॅनचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. तो तुमच्या गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेत हवा. नुसतं तेवढं बघून लोक मोकळे होतात. टोबॉलवर (गाडीमागे व्हॅन अडकते त्या गोळ्यावर) जो भार येतो, ढोबळ मानाने व्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के, तो गाडीच्या पोटात मोजला जातो. तुमच्या गाडीत सहा माणसं आधीच बसलेली असतील. म्हणजे व्हॅन मर्यादेत आणि गाडी मर्यादेबाहेर असं सहज होतं. तांदळाचं पोतं, कुकर, पाण्याचे कॅन हे सगळं व्हॅनच्या मागच्या टोकाला टाकू नका. मागे वजन झालं की वेगात व्हॅन शेपटीसारखी हलायला लागते आणि मग गाडी आवरत नाही. जड सामान चाकांच्या वर, खाली जमिनीलगत.

२००० किलोच्या वरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात, आणि व्हॅन सुटलीच तर आपोआप लागणारा ब्रेकही लागतो. म्हणून गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवलेला आहे का ते आधी विचारा. आणि चालत्या व्हॅनमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे. आई आडव्या होऊन येतील असं मनात असेल तर काढून टाका.

झोळीवाला

मी उलटं मत मांडतो. सहा माणसं, त्यात दोन वयस्कर. व्हॅनचं भाडं, डिझेल (ओढताना सरळ दीडपट धरा), रोज कॅरॅव्हॅन पार्कात वीजजोड असलेल्या जागेचे पैसे. एवढ्यात गावातल्या मोटेलच्या दोन खोल्या होतात. शिवाय त्या व्हॅनमधल्या संडासाची पेटी रोज कुणीतरी उचलून डंप पॉइंटला रिकामी करायची. तुमचा नवरा करेल, पण बाबा त्याला ते करताना बघतील, हे डोळ्यांसमोर आणा.

निलगिरी

झोळीवाला, हसून हसून वाट लागली. पण मोटेलमध्ये स्वयंपाक होत नाही हो. आईंना रोज बाहेर काय देऊ? चिप्स?

विमेरावासी

मी होर्शमला राहते, इस्पितळात काम करते. तुम्ही आमच्या दारावरूनच जाणार म्हणून सविस्तर लिहिते.

आधी राहण्याचं. दोघांचंही थोडं थोडं ऐका. पोरांसाठी बंक असलेली मध्यम व्हॅन तुम्ही चौघांनी घ्या, आणि त्याच पार्कात आई-बाबांसाठी केबिन. बहुतेक गावांतल्या पार्कात केबिन असतात, आत बाथरूम, छोटं किचन. आईंना रात्री अंधारात सार्वजनिक बाथरूमकडे चालत जावं लागणार नाही आणि स्वयंपाक हवा तिथे. केबिन नसेल त्या गावी व्हॅन त्यांना द्या आणि तुम्ही तंबूत झोपा. शो ग्राउंडवरही (गावच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर) बरेच गावकरी थोडक्या पैशांत उतरू देतात, पण तिथे केबिन नसते.

आता अंतराचं. मेलबर्न ते होर्शम तीनशे किलोमीटर, होर्शम ते मिल्ड्युरा तेवढंच, मिल्ड्युरा ते ब्रोकन हिल पुन्हा तेवढंच. नकाशावर हे तीन दिवसांचं काम दिसतं आणि बहुतेक मंडळी ते तसंच करतात. सायलोसमोर गाडी थांबवायची, फोटो काढायचा, पुढच्या सायलोकडे. दुकानात कुणी पाऊल टाकत नाही. मला याचा राग येतो हे कबूल. ब्रिमच्या सायलोवर २०१६ साली गीडो व्हान हेल्टेनने चार शेतकरी रंगवले. ते सायलो १९३९ चे, वापरातून गेलेले. त्यानंतर रुपन्यप, शीप हिल्स, रोझबरी, लॅसेल्स, पॅचीवॉलक अशी साखळी झाली, दोनशे किलोमीटरची. गावात माणसं थांबावीत, चार पैसे यावेत हाच त्यामागचा हेतू. एकेकाची शेती हजारो एकर झाली, यंत्रं मोठी झाली, माणसं कमी झाली. मिन्यिप आणि मर्टोआ या दोन गावांचा फुटबॉल संघ आज मिळून एकच आहे. रुपन्यपच्या सायलोवर गावातलीच खेळाडू पोरं काढलीत, एक नेटबॉलची मुलगी आणि एक फुटबॉलचा मुलगा. ते चित्र बघताना हे माहीत असलेलं बरं.

म्हणून म्हणते, दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. सूर्य मावळायच्या आत व्हॅन लागलेली हवी. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात, आणि व्हॅनसकट गाडी पटकन थांबत नाही.

बाबांना मर्टोआची स्टिक शेड दाखवाच. दुसऱ्या महायुद्धात बोटी मिळेनात, गहू विकला जाईना, कोठारं भरली. पोलादाचा तुटवडा. तेव्हा १९४१-४२ मध्ये आख्ख्या झाडांचे ५६० खांब उभे करून वर पत्रा टाकला. पाव किलोमीटरहून लांब, आत साधारण ९५ हजार टन गहू मावायचा. छपराचा उतार धान्याच्या राशीला आपोआप जो उतार येतो तोच आहे. खळ्यावर रास घातलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, आत गेल्यावर दिसतं.

शाकाहाराचं: गावातल्या बेकरीत मांस भरलेले पाय (pie) आणि सॉसेज रोलच जास्त. चीजचं सँडविच आणि बटाट्याचे वेजेस मिळतात. भाजीपाला होर्शम आणि मिल्ड्युराला भरून घ्या, मधल्या गावांत कांदे-बटाटे-गाजरं एवढंच धरून चाला. शनिवारी दुपारनंतर दुकानं बंद होतात, रविवारी बहुतेक गाव झोपलेलं असतं.

पुनवा

विमेरावासी, काय सुंदर लिहिलंय! वाखुसा (वाचनखूण साठवली).

अरारटला चिनी लोकांचं गम सान संग्रहालय आहे, ते चुकवू नका. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीने बोटीने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर लावला. कर चुकवायला ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब बंदराला उतरायचे आणि सोन्याच्या खाणींपर्यंत शेकडो किलोमीटर पायी यायचे. १८५७ मध्ये अशाच एका तांड्याला वाटेत सोनं लागलं आणि अरारट वसलं. इथे स्थलांतरित म्हणून राहताना ही गोष्ट जरा वेगळी ऐकू येते.

दख्खनचा

ॲडलेडकर. ब्रोकन हिलवरून आमच्या बाजूला यायचा विचार असेल तर ऊडला विराला तपासणी नाका आहे. फळमाशी आत येऊ नये म्हणून. लिंबं, टोमॅटो, मिरच्या सगळं काढून घेतात आणि वर दंडही होऊ शकतो. शिजवलेलं चालतं. आमच्या एका मित्राने नाक्याच्या अलीकडे गाडी बाजूला लावून किलोभर मिरच्यांचा ठेचा केला होता. आजूबाजूच्या ट्रकवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी.

आकडेमोड

अवांतर: ठेचा गॅसवर केला की दगडावर?

दख्खनचा

व्हॅनमधला तवा आणि एक वाटी. माणूस सोलापूरचा आहे.

गोणपाट

बायको इथपर्यंत वाचून म्हणाली, "केबिन असेल तर बघू." विमेरावासी, तुमचे पाय धरतो.

झोळीवाला

केबिनच घ्यायची तर व्हॅन कशाला? माझा प्रश्न अजून तिथेच आहे.

विमेरावासी

होपटनला लेक लॅसेल्सच्या काठावर उतरून बघा, मग विचारा. मोटेलच्या खोलीचं दार लावलं की संपलं. व्हॅनपुढे खुर्च्या टाकल्या की शेजारचा म्हातारा येऊन बोलतोच, तुम्हाला हवं असो-नसो.

निलगिरी

मंडळी, परत आलो. सगळे धड आहेत, नवराही. उशिरा लिहितेय, कारण कपडे.

केबिनचा सल्ला शंभर टक्के मानला. पहिल्या मुक्कामी व्हॅन मागे घालताना नवऱ्याने आडवी लावली, मग पुन्हा, मग पुन्हा. अर्धं पार्क खुर्च्या घेऊन बघत होतं. शेवटी एका आजोबांनी येऊन सांगितलं, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धर, मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्यायचा. लागली. नंतर प्रत्येक गावात तो दुसऱ्यांना हेच शिकवत होता.

स्टिक शेडमध्ये बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका खांबाला हात लावून म्हणाले, "घुशीचं काय करत असतील?" तिथल्या स्वयंसेवक बाईंना मी भाषांतर करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर प्रश्न, धान्यकिड्यांनी आणि उंदरांनी जीव नको केला होता. मग दोघांचं माझ्यामार्फत जे सुरू झालं ते पोरं कंटाळून बाहेर जाईपर्यंत.

सायलो सगळे पाहिले. माझं आवडतं शीप हिल्सचं, तिथल्या मूळ रहिवासी समाजातले दोन वडीलधारे आणि दोन लहान मुलं, मागे रात्रीचं आकाश. विमेरावासींच्या धाकाने प्रत्येक गावात काहीतरी विकत घेतलं. आमच्याकडे आता गरजेपेक्षा जास्त जॅम आहे. आणि हो, समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. धाकट्याने ते इतकं मनावर घेतलंय की मेलबर्नच्या सिग्नललाही तो बोट उचलतो.

आता मिल्ड्युरा, ज्यासाठी गेलो होतो. चॅफी नावाच्या दोघा कॅनडियन भावांनी १८८० च्या दशकात मरे नदीचं पाणी पंपाने वर चढवून इथे वसाहत केली. त्याआधी सगळं मॅलीचं खुरटं रान. गावाबाहेर एका बागेच्या फाटकाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली. मालक ट्रॅक्टरवरून उतरून आला. बाबांनी तासगावातल्या बागेचे फोटो पुढे केले. त्याने आम्हाला शेडपाशी नेलं, पण बागेच्या ओळींत जाऊ दिलं नाही. बुटांच्या मातीतून फिलॉक्सेरा (वेलींच्या मुळांवरची कीड) येऊ शकतो, बाहेरच्या बागेतून आलेला माणूस तर मुळीच नको. मला वाटलं बाबांना लागेल. तर म्हणाले, "बरोबर हाय. आपल्याकडं कुणीबी येतंय, कुटूनबी येतंय."

ऋतू वसंताचा, त्यामुळे डोळे नुकते फुटत होते आणि वाळवणाचे रॅक रिकामे. पण तारांच्या जाळीचे ते मजले बघून बाबा एकदम घरी आल्यासारखे. तासगावात घड बुडवायचं जे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं मिश्रण वापरतात ती ऑस्ट्रेलियाची पद्धत म्हणूनच ओळखली जाते, हे बाबांना माहीत होतं. तिच्या मूळ गावी उभं राहायला मिळालं. इथे ज्याला सुलताना म्हणतात ती आपली थॉमसन सीडलेसच. आता इथले बरेच लोक रॅकवर वाळवतच नाहीत. घड असलेली काडी कापायची, तिच्यावर फवारायचं आणि वेलीवरच सुकू द्यायचं, मग यंत्राने झाडून काढायचं. मजूर मिळत नाहीत आणि परवडत नाहीत. बाबा म्हणाले, आपल्याकडेही तीच रड सुरू झाली आहे.

दोन गोष्टींवर मात्र त्यांचा विश्वास बसेना. एक, छाटणी वर्षातून एकदाच. इथे थंडीत वेल झोपतो, त्यामुळे हिवाळ्यात एकदा छाटली की झालं. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची फळछाटणी नाही. मालकालाही आपल्याकडे दोनदा छाटतात हे ऐकून नवल वाटलं. त्याने वेल किती वर्षं टिकतो ते विचारलं. दुसरं, पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा. पाणी स्वतंत्रपणे विकता येतं, भाड्याने देता येतं, भाव रोज बदलतो. एखाद्या साली द्राक्षं पिकवण्यापेक्षा पाणी विकणं बरं पडतं. ज्याचं निम्मं आयुष्य ताकारी-म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघण्यात गेलं त्या माणसाने हे ऐकून कपाळाला हात लावला. "आन् ज्याच्याकडं पैसा त्याचंच पानी?" असं विचारलं. मालक म्हणाला, यावरून इथेही भांडणं आहेत.

वेंटवर्थला मरे आणि डार्लिंगचा संगम. तिथे फर्ग्युसन ट्रॅक्टरचं स्मारक आहे! १९५६ च्या पुरात या छोट्या ट्रॅक्टरांनी मातीचे बांध घालून गाव वाचवलं. बाबांनी त्याच्यासोबत फोटो काढला, ऑपेरा हाऊससमोर काढला नव्हता.

ब्रोकन हिलचा रस्ता लांब आणि ओसाड, मधे कूम्बाचं एक रोडहाउस सोडलं तर काही नाही. डिझेल आणि पाणी पुरेपूर घेऊन निघा. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण घड्याळ दक्षिण ऑस्ट्रेलियाचं, अर्धा तास मागे. खाणीत मरण पावलेल्या आठशेहून जास्त कामगारांची नावं गावाच्या माथ्यावर, खाणीच्या ढिगाऱ्यावर उभ्या स्मारकात कोरलेली आहेत, वय आणि मरणाचं कारण लिहून. थोरलीने सगळ्यात लहान वय शोधायचा खेळ सुरू केला आणि मग स्वतःच थांबली. आणखी एक, उंटवाल्यांची पत्र्याची मशीद. अफगाण म्हणायचे सगळ्यांना, पण त्यांतले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. लाकूड, लोकर, पाणी सगळं त्यांच्या उंटांवरून यायचं.

पोरं लहान असतील तर एक सूचना: तिथल्या धुळीत शिसं असतं. खेळून आल्यावर, जेवायच्या आधी हात नीट धुवायचे. स्थानिक आयाही हेच सांगतात.

मंगो राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं, पण भाड्याची व्हॅन कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही असं करारातच होतं. पुढच्या वेळी.

पुनवा

बाबांची ट्रॅक्टरवाली गोष्ट वाचून इतकं छान वाटलं. आईंचं काय? त्या तुमच्या लिखाणात शेवटी दिसतच नाहीत.

निलगिरी

पुनवा, बरोबर पकडलंत. आईंना गावं फारशी आवडली नाहीत. "माणूसच दिसत न्हाई, नुसती कुत्री आन् झेंडे." पण पार्कात संध्याकाळी आमच्या कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या बायका डोकावायच्या, आणि मग आईंनी त्यांना मुगाची खिचडी वाढायची असं प्रत्येक मुक्कामी झालं. ब्रोकन हिलमध्ये एका बाईंनी त्यांना उलट विणकामाची सुई आणि लोकर दिली. भाषा दोघींना एकमेकींची शून्य. परतताना मिल्ड्युरापर्यंत त्या टोपी विणत होत्या.

झोळीवाला

मान्य. मोटेलमध्ये कुणी खिचडी मागायला आलं नसतं. तरी त्या संडासाच्या पेटीचं उत्तर द्यायचं राहिलं.

निलगिरी

केबिन असताना ती वापरलीच नाही. फक्त होपटनला. ती रिकामी करायला बाबा स्वतः नवऱ्याबरोबर गेले आणि येताना दोघं बायोगॅसवर चर्चा करत आले.

तासगावचा_पाहुणा

वेलीवर वाळवताना पाऊस आला तर काय करतात, हे मालकाने सांगितलं का? आमच्याकडे अवकाळीने दर साली शेडमधलासुद्धा माल काळा पडतो.

निलगिरी

बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, तोच प्रश्न त्यांनीही विचारला होता. तिथे उन्हाळा कोरडा असतो, पण सुगीत पाऊस लागला तर त्यांचाही माल बुरशीने जातो. त्यावर त्याच्याकडेही औषध नव्हतं. रॅकवर असेल तर निदान बाजूंनी पडदे सोडता येतात.

गोणपाट

आम्ही इस्टरला निघतोय! बायको, मी, मुलगी आणि माझे आई-वडील. विमेरावासी, त्या वेळी द्राक्षं असतील का? आणि ब्रिमला मुक्काम करता येतो का?

विमेरावासी

वेचणी फेब्रुवारी-मार्चची. इस्टर एप्रिलमध्ये असेल तर शेवटची शेवटची सापडेल, रॅकवर माल असेल. ब्रिमला छोट्या तळ्याकाठी उतरता येतं, पण तुमच्या आई-वडिलांसाठी वॉरकनबील बरं, जवळच आहे. इस्टरला पार्कं भरतात, होर्शम आणि मिल्ड्युराची केबिन आजच धरा. गुड फ्रायडेला सगळं बंद असतं, दूध-ब्रेड गुरुवारीच घेऊन ठेवा.